बेवारस गळती

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या आज्यांचे आजे उघडेनागडे खाडीत डुंबत होते ना, तेव्हा आपल्या गावात धाकू मेस्त्री होड्या बांधायचे आणि पोरांनाही ती विद्या शिकवायचे. त्यांनी फळीला कान लावला की लाकूड आपलं दुखणं सांगायचं, असं म्हणतात. म्हातारा तोंडाचा फटकळ, पण शिष्यावर हात कधी उचलला नाही.

त्यांचा सगळ्यात तरबेज शिष्य बाबल. त्याच्या बहिणीचं, शेवंतीचं, लग्न ठरलं खाडीपलीकडे. वऱ्हाडासाठी नवी होडी बांधायला घेतली आणि घाईघाईत बाबलने तळाला भलत्याच जागी भोक पाडलं. आता सांगावं ना सरळ! पण नाही. उद्याचा मेस्त्री म्हणून गाव आपल्याकडे बघतंय, मग चूक कबूल कशी करायची? त्याने भोकात मेण कोंबलं, वरून राळ फासली आणि गप्प बसला.

होडी वाजतगाजत निघाली. भर खाडीत मेण सुटलं आणि नवरीच्या पायाशी कारंजं उडालं!

झालं, शिष्यांची जुंपली. "लाकूडच ओलं होतं!" "खिळेच कुचकामी!" "नवरी जड आहे!" असंही एक मेला म्हणाला. बूच ठोकलं, ते उडालं. दुसरं ठोकलं, ते उडून नवरीच्या मामाच्या फेट्यावर जाऊन बसलं.

धाकू मेस्त्री सुकाणू धरून म्हणाले, "बेवारस गळतीला बूच बसत नाही रे! आधी तिला मालक द्या."

पाणी गुडघ्याला आलं. शेवंतीने घाबरून भावाचा हात धरला. बाबलला रडूच फुटलं. "गळती माझी!" तो ओरडला. "भोक मी पाडलं, मीच लपवलं!"

आणि काय सांगू, मामाच्या फेट्यावरचं बूच टुणकन उडालं आणि भोकात घट्ट बसलं!

मग मेस्त्रीच म्हणाले, "मेणाचा वास मला आला होता. तरी घाईत होडी सोडली. ती गळती माझी." पाणी वीतभर उतरलं. "राळ मी पातळ केली!" दुसरा शिष्य म्हणाला. आणखी उतरलं. शेवटी मामाही ओरडले, "रुखवताचे लाडू मी खाल्ले!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. होडी पल्याड लागली तेव्हा शेवंतीचा शालू कोरडा ठणठणीत होता, असं म्हणतात.

मेस्त्र्यांनी बाबलला हाकललं का? छट्! त्याची पाठ थोपटून म्हणाले, "बूच कसं बसतं ते कळलं ना? पुढली होडी तू बांध."

आजही आपल्याकडे नवी होडी पाण्यात लोटताना नारळ नंतर फुटतो. आधी बांधणारा आपली चूक मोठ्याने सांगतो. आणि शाळेत बाईंच्या टेबलावर ते लाकडी बूच आहेच, धाकूचं बूच. काच फुटो, शाई सांडो, ज्याच्या हातून झालं तो बूच उचलतो, "गळती माझी" म्हणतो आणि सगळा वर्ग त्याच्यासोबत निस्तरायला धावतो.

परवा फळ्यावरचं गणित चुकलं, तेव्हा बाईंनीच बूच उचललं. पोरांनी अशा टाळ्या पिटल्या की खाडीवरचे बगळे उडाले!