पडदा हलण्यापुरता वारा

एकदा एका टेकडीखालच्या जुन्या वसाहतीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. विकासकाने घरोघरी नव्या इमारतीचे गुळगुळीत चित्र आणि नकाशा पाठवला. चित्रात उंच इमारतीच्या माथ्यावर एक पवनचक्की डौलात फिरत होती आणि खाली लिहिले होते, ‘तुमच्या घरची वीज, वाऱ्यावर’.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण आईच्या मनात ते चित्र घर करून बसले. उन्हाळ्यात तिथे दुपारची वीज जाई आणि तान्ही लेक घामोळ्यांनी कळवळे. आई शिकलेली होती, पण स्वभाव काळजीचा. एक शंका फिटली, की ती इतक्या सहज कशी फिटली, अशी तिला दुसरी शंका येई. पुनर्विकासाला संमती म्हणून उद्याच्या सभेत सही द्यायची होती. शाळेत तिला विज्ञान शिकवलेले वृद्ध गुरुजी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. तिने त्यांना सल्ल्यासाठी बोलावले आणि ते भर दुपारी गुडघे धरत जिना चढून आले.

वीज गेलेलीच होती. लेक झोळीत निजली होती.

“सर, पवनचक्की असली म्हणजे वीज गेली तरी पंखा चालेल ना?” तिने दबक्या आवाजात विचारले. “की मी उगाच भुलतेय? आमचे हे म्हणतात, तुला एक तर सगळं खोटं वाटतं, नाही तर सगळं खरं.”

गुरुजी हसले. चित्राकडे न पाहता ते स्वयंपाकघरात गेले, टेकडीकडची खिडकी लावून आले आणि खुर्चीत डोळे मिटून स्वस्थ बसले.

तिला काही उमजेना. म्हाताऱ्या माणसाला ऊन तर बाधले नाही? पाणी द्यावे, की सरबत?

“सर, खिडकी कशाला लावलीत?”

“बस जरा.”

गॅलरीच्या दाराचा पडदा इतका वेळ अलगद फुगत होता, तो सरळ लोंबू लागला. थोड्याच वेळात लेकीच्या कपाळावर घाम डवरला. ती चुळबुळली, कण्हली आणि मग तिने भोकाड पसरले. आईने तिला खांद्यावर टाकले, तरातरा जाऊन खिडकी उघडली आणि जराशा रागानेच म्हणाली, “कशीबशी झोपली होती हो, सर.”

“वीज तर मघाशीही नव्हती,” गुरुजी म्हणाले. “मग झोपली कशी होती?”

ती थबकली. पडदा पुन्हा हलू लागला होता.

“अगं, पडदा हलवायला जेवढा वारा पुरतो, तेवढा हिला पुरतो. पवनचक्कीला तेवढ्याने जाग येत नाही. तिला जोराचा आणि सलग वारा लागतो. तो पावसाळ्यात मिळेल, तेव्हा हिला पंखा नको, दुपटं हवं असेल. आणि फिरली, तरी एका चक्कीवर फार तर जिन्यातले दिवे लागतील. तुझी भीती खरी आहे. म्हणूनच तिच्यावर उपाय दाखवणाऱ्याला तू काही विचारलं नाहीस. चित्रात माथ्यावर पाहत राहिलीस. आता नकाशातल्या घरात बघ. तिथे ही खिडकी कुठे आहे?”

तिने नकाशा उलगडला. स्वयंपाकघराच्या पाठीशी शेजारच्या घराची भिंत होती. साऱ्या खिडक्या एकाच बाजूला होत्या.

“नाहीये,” ती म्हणाली. “मग सही नको करू?”

“असं कसं सांगू? माझे गुडघे लिफ्टच्या वाटेकडे डोळे लावून बसलेत. सही कर, पण आधी खिडकी माग.”

दुसऱ्या दिवशी सभेत लेकीला कडेवर घेऊन ती उभी राहिली. काय बोलायचे ते तिने तीनदा घोकले होते; स्वयंपाकघराला टेकडीकडची खिडकी हवी, एवढेच तिने सांगितले. विकासकाचा माणूस समजुतीने हसला. “ताई, वर एवढी पवनचक्की देतोय आणि तुम्ही एका खिडकीचं काय घेऊन बसलात?”

“चक्की राहू द्या,” ती म्हणाली. “मला पडदा हलण्यापुरता वारा द्या.”

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवीतून आपला नकाशा काढला, मग शेजारणीने आपला. हळूहळू साऱ्या सभागृहात कागदांची सळसळ पसरली. सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत. नकाशा दुरुस्तीला परत गेला.

नवे घर कबूल करण्याआधी जुन्या घराची एक खिडकी लावून पाहावी.