देवाला उष्टं

“देवाला उष्टं वाढलं जातंय, आणि वाढणाऱ्यांना त्याची लाजही वाटत नाही!”

हनोख हे भिंतीकडं बघून बोलला. खोलीत त्याच्याखेरीज दोनच माणसं होती : गावच्या चर्चचे म्हातारे उजागरे पाळक आणि त्यांची बायको साराबाई.

“आपल्याला म्हणतोय का हो हा?” साराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“नाव कुठं घेतलंय त्यानं!” पाळक म्हणाले. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. सगळी मंडळी ज्यातून एकेक घोट घेते, तो प्रभुभोजनाचा प्याला ते पांढऱ्या फडक्यानं पुसत बसले होते.

हनोख तेवीस वर्षांचा. नगरच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेला. त्याचा बाप्तिस्मा पाळकांच्याच हातून झालेला, शास्त्रपाठही त्यांच्याच पुढ्यात बसून शिकलेला. त्यानं खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्यालाही पाळक व्हायचं होतं. शिक्षणाच्या अर्जावर शिफारशीची सही हवी होती.

“करतो की सही. आनंदानं करतो. आणि लग्न?”

“लग्न करणार नाही. अर्जाच्या शेवटी तसं लिहिलंयच.”

साराबाईंचा पदर सावरणारा हात थांबला. महिन्यापूर्वी ह्याच खोलीत हनोख आणि रिबकाचा साखरपुडा झाला होता.

“तिचं काय चुकलं रे?”

“तिचं काहीच नाही, बाई. चूक माझी आहे. प्रार्थनेला गुडघे टेकले की तिचा चेहरा समोर येतो. तिचं हसणं... ती चष्मा वर सरकवते ते... मन आधी तिच्याकडं धावतं. मग उरलंसुरलं देवाकडं. असलं उष्टं मी देवाला देणार नाही. चर्चमध्ये आपण प्रीती म्हणतो, ती वेगळी. माझं हे... नुसतं प्रेम आहे.”

शेवटचा शब्द त्यानं असा उच्चारला, जणू घासात खडा आला.

“तिला सांगितलंस?”

“तुमची सही झाली की सांगणार.”

उघड्या दारातून चर्च दिसत होतं. रिबका बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करत होती. छातीशी धरलेला ढीग हनुवटीपर्यंत आला होता. हनोखनं दाराकडं पाठ केली.

पाळकांनी प्याला उजेडात धरून पाहिला.

“आज हा तुझ्याकडं आला, तेव्हा तुझ्या आधी कोण प्यालं होतं?”

“येसूबाबा.”

“तो खोकणारा?”

“हो.”

“त्याच्या आधी?”

“त्यांची सून. तिच्या आधी... सगळी रांगच की.”

“मग तू म्हणाला नाहीस, हा उष्टा आहे, मला ताजा द्या?”

“पाळकसाहेब! ते उष्टं नसतं!”

“मग काय असतं?”

हनोखनं तोंड उघडलं. ओठांवर आलेला शब्द प्रीती होता... की प्रेम? त्याचं त्यालाच कळेना.

“सगळ्यांचं झालं की तळाशी राहतं ते मी पितो,” पाळक म्हणाले. “साठ माणसांचं. देव आपल्याला असं वाढतो. आणि त्याच्यापुढं तू कोरं ताट ठेवणार...”

साराबाईंनी चहा आणला. एकेक कप, तीन खेपा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात आणि अर्धं तोंड बधिर होतं.

हनोखनं आपला चहा दोन घोटांत संपवला. त्याला घाई होती.

पाळकांनी स्वतःचा कप तसाच ठेवला. बायकोचा उचलला. फुंकर घातली, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. थांबले. पुन्हा फुंकर. पुन्हा घोट. मग तो कप त्यांनी साराबाईंच्या डाव्या हातात नीट धरवला.

“जीभ भाजली तरी हिला कळत नाही,” ते म्हणाले.

हनोख त्या कपाकडं बघत राहिला. दोन वर्षांत हे त्यानं कितीदा तरी पाहिलं असेल. कधी लक्ष दिलं नव्हतं.

“पण मग...” त्याचा आवाज उतरला होता. “प्रार्थनेत ती आली तर काय करू?”

“आलीच आहे, तर बसायला सांग.”

“आणि देव?”

“ती एकटी येते, असं तुला कोण म्हणालं?”

पाळकांनी पेनाचं टोपण काढलं. कागद पुढं ओढला. “सही करू ना?”

हनोख वळला. चर्चच्या पायरीवर रिबका उभी होती. दोन्ही हातांत पुस्तकं. चष्मा नाकावरून घसरलेला, आणि ती तो खांद्यानं वर ढकलायची धडपड करत होती.

हनोखनं पाळकांच्या हातातलं पेन घेतलं. अर्जाची शेवटची ओळ खोडली. एकदा नाही, दोनदा. पेन परत दिलं.

“करा आता.”

तो घाईघाईनं निघाला. उंबऱ्यावर मात्र अडखळला, मागं वळला.

“पाळकसाहेब, तुम्ही तोंड का वाकडं केलंत? माझा चहा तर गोड होता.”

पाळक कागदावर वाकून सही करत राहिले.

साराबाई अर्ध्या तोंडानं हसल्या.

“अडतीस वर्षं मी बिनसाखरेचा पितेय, पोरा. यांना कळलं कधी? माझा उष्टा करायला लागले तेव्हा.”