शेवंतीला हवं होतं ते पान

“बुडणाऱ्या माणसाला किती वेळ कळत असतं, बुवा?”

अच्युतबुवांचा फळीकडे गेलेला हात तसाच राहिला. मागे वळून पाहिलं, तर दारात शेवंती उभी. नऊ-दहा वर्षांची पोर. गिरणेकाठच्या मठात भवानगिरी महाराजांनी गावासाठी वाचनालय उघडलं होतं आणि ते बुवांवर सोपवलं होतं. तिथे ती आज पहिल्यांदाच आली होती.

“हे असलं तुला कशाला हवंय?”

“आमचे बाबा नदीत गेले ना.”

बुवांना आठवलं. श्रावणात होडी उलटली होती. दहाव्याचं प्रवचन त्यांनीच केलं होतं. आत्म्याला मरण नाही, एवढं एकच सूत्र धरून ते तासभर बोलले होते. माणसं डोळे पुसत उठली होती. ही पोर तेवढी कोरड्या डोळ्यांनी बसून होती.

“घरी विचारलंस?”

“काका म्हणतात, असलं विचारू नये. आई कायच बोलत नाही.” तिने फळ्यांकडे पाहिलं. “इथे सगळ्याची पुस्तकं आहेत म्हणे.”

होती खरी. ताऱ्यांची होती, मुंग्यांची होती, शिडाच्या जहाजांची होती. म्हाताऱ्यांसाठी ठळक अक्षरांतली वेगळी. कुणी काय वाचावं ते बुवांनी वयानुसार ठरवून टाकलं होतं. तत्त्वज्ञानात एम.ए. झालेला माणूस. समोरच्याला काय झेपेल ते आपल्याला बघताक्षणी कळतं, असं ते म्हणत, आणि लोक मानही डोलवत.

त्यांनी पक्ष्यांचं रंगीत पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

शेवंतीने उभ्याउभ्याच पानं उलटली. शेवटपर्यंत. मग पुस्तक परत केलं.

“यात नाही.”

“अगं, बघ तर. सुगरणीचा खोपा किती छान काढलाय...”

“यात नाही, बुवा.”

खिडकीशी महाराज एका फाटक्या पुस्तकाला खळ लावत बसले होते. ते उठले. हात पुसले. स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावरून एक जाडजूड पुस्तक काढलं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी दिलेलं, शरीराविषयीचं. सतरंजीवर बसून त्यांनी हवं ते पान शोधलं आणि शेवंतीला जवळ बोलावलं.

बुवांना वाटलं, आता महाराज तिला काहीतरी समजुतीचं सांगतील.

महाराजांनी पुस्तक बुवांपुढे सरकवलं.

“वाच.”

“महाराज...”

“मोठ्याने.”

बुवा खाली बसले. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. माणूस श्वास कसा रोखून धरतो, आणि मग तो कसा रोखवत नाही... पाणी कुठून आत शिरतं...

त्यांचा आवाज चिरकला. मरण हा शब्द आजवर त्यांच्या तोंडून किती वेळा गेला असेल, त्याला गणती नव्हती. पण मरण असं, इतक्या जवळून, साध्या शब्दांत लिहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांपुढे पाण्याबाहेर आलेला एक हात दिसू लागला.

“पुढे वाचा ना,” शेवंती म्हणाली.

बुवांनी पुस्तक थोडं दूर सारलं.

“वाचा ना, बुवा...”

मग तिने स्वतःच ओळीखाली बोट ठेवलं आणि अक्षरं जुळवू लागली.

“थोड्या... च... वेळात... शुद्ध ह... हरपते. त्यानंतर वे... वेदना... जाणवत नाही.”

तिने ती ओळ पुन्हा वाचली. या वेळी न अडखळता. मग महाराजांकडे पाहिलं.

“म्हणजे फार वेळ नाही?”

“नाही.”

“पण थोडा वेळ कळलं असेल.”

बुवांनी श्वास रोखला. नाही म्हणा, महाराज. एवढं तरी नाही म्हणा...

“हो,” महाराज म्हणाले. “थोडा वेळ कळलं असेल.”

शेवंतीने महाराजांच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि रडू लागली. हुंदके देत, अंग गदगदवून. बाहेर अंगण झाडणारी बाई झाडू थांबवून दाराशी आली, आणि आत बघून तशीच मागे सरली. पोरीच्या पाठीवर महाराजांचा हात होता, एवढंच.

किती तरी वेळाने ती उठून बसली. फ्रॉकने नाक पुसलं.

“हे आईला सांगू?”

“सांग.”

ती गेली. पायऱ्या उतरल्यावर तिची पावलं धावू लागली, ते आतपर्यंत ऐकू आलं.

बुवा जागचे हलले नव्हते. पुस्तक अजून उघडंच होतं, आणि त्यांची नजर त्या पानावर जात नव्हती.

“महाराज,” शेवटी ते म्हणाले, “त्या पोरीचं वय काय... हे तिला झेपणारं होतं का?”

महाराजांनी पुस्तक मिटलं.

“अच्युता, तुझं वय काय रे?”