दुकान वाढवा

एकदा एका व्यापारी गावात दोन सख्खे भाऊ एका शब्दावरून अबोला धरून बसले. बांधावरून भांडणारे भाऊ आपण पाहतो, विहिरीवरून कोर्टात गेलेलेही पाहतो. शब्दावरून भांडणारे विरळाच. तो शब्द त्यांच्या वडिलांचा होता आणि अखेरचा होता, म्हणून दोघांनाही तो सोडवेना.

वडील म्हणजे अंबादासशेट कासार. नदीकडे उतरणाऱ्या पेठेत त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं तीन पिढ्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवरच घर. गावात त्यांच्याहून श्रीमंत पुष्कळ होते. पण ‘आमचे शेट’ असं गाव फक्त त्यांनाच म्हणे. दुकानाच्या मागे एक लांबट खोली होती. तिथली भांडी विक्रीची नव्हती. कुणाच्या घरी लग्न निघो, बारसं निघो, शंभर पानांच्या वरणाची पातेली, पराती, झारे, ओगराळी त्या खोलीतून जात आणि कार्य उरकलं की परत येत. भाड्याचं नाव काढलेलं शेटना खपत नसे. उलट भांडं द्यायच्या आधी त्याला ताजी कल्हई झाली आहे की नाही, हे ते स्वतः उजेडात धरून पाहत. म्हणत, “त्याच्याकडची आमटी कळकली तर पंक्तीत त्याची मान खाली जाईल. मग माझी काय ताठ राहील?”

त्या भांड्यांवर नावही घातलेलं नव्हतं. गावभरच्या भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाने स्वतःचं तेवढं घातलं नव्हतं! धाकट्या मुलाने एकदा कारण विचारलं, तेव्हा शेट हसून म्हणाले, “अरे, पातेलं आधीच जड. त्यात माझं नाव कशाला उचलायला लावायचं?”

महापुराच्या साली खालची आळी पाण्यात गेली, तेव्हा ती सगळी खोली देवळाच्या आवारात रिकामी झाली. अकरा दिवस तिथे चुली पेटत्या होत्या आणि अकरा दिवस शेट धोतराचा काचा मारून वाढत होते. ही हकिगत त्या गावात आजही छाती फुगवून सांगतात, आणि सांगावीच.

त्यांचा आणखी एक नेम होता. दिवेलागणीला दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते पेठेच्या दोन्ही बाजूंना पाहत आणि मोठ्याने विचारत, “कुणी राहिलंय का?” लगबगीने कुणी आलंच तर त्याचं काम होई. मग मुलांकडे वळून ते म्हणत, “चला, दुकान वाढवा.” आपण मराठी माणसं दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. आपली बांगडी फुटत नाही, वाढते. अशुभ शब्द जिभेवर येऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी केलेली ही गोड लबाडी आहे.

एका दिवेलागणीला शेट माडीवरच्या खोलीत अंथरुणावर असताना गेले. जाण्याआधी दोन्ही मुलांनी स्पष्ट ऐकलं ते एवढंच: “दुकान वाढवा.”

झालं. थोरला जनार्दन म्हणाला, आप्पांनी दुकान बंद करायला सांगितलं. त्याने कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. धाकटा श्रीपाद म्हणाला, आप्पांनी दुकान मोठं करायला सांगितलं. त्याने मागच्या दाराने गवंडी आणून मागच्या खोलीची मापं घेतली. ती पाडून पुढे काचेची कपाटं करायची होती. गावात दोन तट पडले. पारावर कोश उघडले गेले. गोडाच्या जेवणाचा दिवस उद्यावर आला, तरी भावाभावांत बोलणं नव्हतं. कुलूप राहिलं तरी ती खोली जाणार होती आणि कुलूप निघालं तरीही जाणार होती.

नदीकाठच्या पाठशाळेत एक वयोवृद्ध गुरुजी राहत. शेट त्यांचे लहानपणचे सवंगडी. दोन्ही भावांनी निवाडा त्यांच्यावर सोपवला. गुरुजींचा एक शिष्य होता, तिशीतला, व्याकरणात भलता हुशार. त्याने उत्तर तयारच ठेवलं होतं.

“गुरुजी, प्रश्न सोपा आहे. ‘वाढणे’ हा मूळ धातू, ‘वाढवणे’ हे त्याचं प्रयोजक रूप. मुख्यार्थ घेतला तर श्रीपाद खरा. रूढार्थ घेतला तर जनार्दन.”

“वा! म्हणजे दोघंही खरे आणि भांडण कायम,” गुरुजी म्हणाले. “बाबा रे, तू धातू चालवतोस. अंबादास धातू ठोकत होता. उद्या जेवायलाच जाऊ. कोश इथेच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी देवळाच्या आवारात सारा गाव जमला. शेटच्याच पातेल्यांत वरण-भात शिजला होता. पानं मांडली गेली, पहिली पंगत बसली. वाढपी बादल्या उचलणार, तोच गुरुजींनी हात वर केला.

“थांबा. कुणी वाढायचं नाही. आधी अंबादासचा पाट त्याच्या नेहमीच्या जागेवर मांडा. मग मी अर्थ सांगतो.”

लोक बुचकळ्यात पडले. एक म्हणाला, ते दीपमाळेजवळ बसायचे. दुसरा म्हणाला, छे, दीपमाळेजवळ ते उभे असायचे. पुजाऱ्यांना विचारलं, वाण्याला विचारलं. जनार्दन पाट घेऊन पंक्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि तसाच परत आला. पानं रिकामी, भात निवत चाललेला, पोरं चुळबुळत होती. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींचं वय झालं, हे त्याच्या मनात येऊन गेलं.

शेवटी जनार्दनच म्हणाला, “गुरुजी, आप्पांना पंक्तीत बसलेलं मी कधी पाहिलंच नाही.”

“मीही नाही,” श्रीपाद म्हणाला. चौदा दिवसांत दोघांचं हे पहिलं एकमत होतं.

गुरुजी शेटच्या पत्नीकडे वळले. गोदाक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. “वहिनी, तुम्हीही तिथेच होतात. काय म्हणाला तो?”

“मला कुणी विचारलंच नाही आजवर,” गोदाक्का म्हणाल्या. “‘दुकान वाढवा’ म्हणाले, ते खरंच आहे. पण त्याच्या आधी हळूच विचारलं, ‘कुणी राहिलंय का?’ मी म्हटलं, नाही, कुणी नाही. मग म्हणाले, ‘दुकान वाढवा.’”

गुरुजी आता दोघा भावांकडे वळले.

“जनार्दना, तुझं बरोबर आहे. फळ्या लावा, असंच तो म्हणाला. पण त्याने पन्नास वर्षं रोज संध्याकाळी दुकान वाढवलं. त्यातल्या कुठल्या दिवसानंतर ते सकाळी उघडलं नाही, सांग बरं? बंद केलेलं बंद राहतं. वाढवलेलं सकाळी उघडायचं असतं. म्हणून तर आपल्याकडे तो शब्द आहे. आणि श्रीपादा, तुझंही बरोबर. दुकान वाढलंच पाहिजे. पण अंबादासचं दुकान पेठेतल्या जोत्यापुरतं नव्हतं, या पंक्तीच्या शेवटच्या पानापर्यंत होतं. मागची खोली पाडशील तर कपाटं वाढतील आणि दुकान आखूड होईल.”

श्रीपादने मान खाली घातली. जनार्दनाच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागलं. “गुरुजी, खरं सांगतो. मी आप्पांच्या शब्दासाठी कुलूप लावलं नाही. मला भीती वाटली. त्यांच्या जागी बसायची माझी लायकी नाही.”

“बसायला कोण सांगतंय?” गुरुजी म्हणाले. “आत्ताच पंक्तीभर जागा शोधलीस ना? तो बसला होता का कधी?”

आणि त्यांनी वरणाच्या बादलीतलं ओगराळं काढून त्याच्या हातात दिलं.

जनार्दनाने डोळे पुसले, धोतराचा काचा मारला. श्रीपादने भाताची परात उचलली. “दादा, तू पुढे हो,” तो म्हणाला. दोघं भाऊ वाढत निघाले. शेवटच्या पानाशी पोचल्यावर जनार्दनाने मागे वळून सबंध पंक्तीवर नजर टाकली आणि मोठ्याने विचारलं, “कुणी राहिलंय का?”

घास घेतलेले हात थबकले. डोळ्यांनी अधू झालेला एक म्हातारा हमाल मान वर करून शेजाऱ्याला म्हणाला, “आमचे शेट आले व्हय?” शेजारी म्हणाला, “आले. जेवा तुम्ही.”

शिष्य अजून उभाच होता. गुरुजी त्याच्याकडे पाहून मिश्कीलपणे म्हणाले, “काय, धातू कळला का?”

शिष्याने पाण्याचा पितळी तांब्या उचलला आणि पंक्तीत शिरला. शेवटची पंगत उठेपर्यंत तो काही बसला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी कुलूप निघालं आणि घटकाभर दुकान उघडलं. दिवेलागणीला दोघं भाऊ पायरीवर उभे राहिले. जनार्दनाने पेठेच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि वडिलांसारखाच आवाज दिला. पेठेतून कुणी आलं नाही. माडीच्या खिडकीतून मात्र उत्तर आलं.

“कुणी नाही रे राहिलं,” गोदाक्का म्हणाल्या. “वाढवा आता दुकान.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फळ्या निघाल्या. पहिलं गिऱ्हाईक गिऱ्हाईक नव्हतंच. खालच्या आळीतल्या एका बाईंना मुलीच्या लग्नासाठी मोठं पातेलं हवं होतं. श्रीपादने ते उजेडात धरून कल्हई पाहिली, आणि दोघा भावांनी दोन्ही कड्या धरून ते बाहेर काढलं.