खूण न सांगता ओळखलेली मेंढी

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावेही पडली नव्हती, त्या काळी एका माळावर मेंढपाळांची वस्ती होती. तिथली रीत अशी, की प्रत्येक घर आपल्या कोकरांच्या अंगावर लोकरीखाली एक गुप्त खूण करी, आणि ती घराबाहेर कुणालाही सांगत नसे.

एकदा एका विधवा मेंढपाळणीची म्होरकी मेंढी हरवली. ती पुढे असल्याशिवाय कळप नदी उतरत नसे, आणि अलीकडचे गवत तर संपत आले होते. पंधरा दिवसांनी ती मेंढी एका शेजाऱ्याच्या कळपात दिसली. शेजारी म्हणू लागला, ही माझीच. प्रकरण वस्तीच्या वृद्ध पंचापुढे गेले.

पंचाने खूण विचारली. बाईने मान हलवून नकार दिला.

शेजारी हसला. "सांगा की वहिनी. का मेंढीबरोबर खूणही हरवली?"

बाई पंचाकडे वळली. "बाबा, मी खूण बोलले की हे म्हणतील, माझीही तीच. आणि उद्या माझी उरलेली शंभर मेंढरं कुणाचीही होतील. खूण मी सांगणार नाही; पण ती मला ठाऊक आहे, एवढं पटवून देते."

मग तिने सुचवले तसे झाले. पंचाने वस्तीतून तशाच काळ्या अकरा मेंढ्या आणवल्या. त्यांत वादातली मेंढी मिसळून, सर्वांवर घोंगड्या पांघरून, मनास येईल त्या क्रमाने त्या उभ्या केल्या. बाई घोंगडीखाली हात घाली आणि 'माझी' किंवा 'माझी नव्हे' एवढेच म्हणे. तिची बोटे कुठे थांबली, हे कुणालाच दिसत नसे.

तिने पहिल्यांदा बरोबर ओळखली, तेव्हा शेजाऱ्याने ते नशिबावर घातले. पंचाने क्रम बदलला. तिने पुन्हा ओळखली. असे दहा वेळा झाले. नशीब इतके चिकाटीचे नसते, हे लहान मुलांनाही उमगले.

आता शेजाऱ्याची पाळी आली. बराच वेळ चाचपडून त्याने एक मेंढी छातीशी धरली आणि हीच माझी, असे सांगितले.

पंचाने घोंगडी दूर केली. "ही तर माझी आहे," तो शांतपणे म्हणाला. "आणि हिची खूण मीही सांगणार नाही."

सारा माळ हसला. म्होरकी मेंढी बाईला परत मिळाली, आणि दुपार कलण्याआधी तिचा कळप नदीपार हिरव्या गवतात पोहोचला. शेजाऱ्याला मात्र त्या हंगामभर पंचाच्या मेंढ्या राखाव्या लागल्या. वस्तीत पुढे कुणी कुणाला खूण विचारली नाही. घोंगडी तेवढी मागवली जाई.

तात्पर्य : आपला खरेपणा पटवून द्यावा, पण त्यासाठी आपले गुपित दुसऱ्याच्या हाती देऊ नये.