शेवटचा बुडबुडा

"आता काय राहिलंय ओ, उस्ताद?" धैर्यशीलनं विचारलं. "पाणी काठोकाठ आहे. कुठं गळत नाही. तरी काटा वर का जातोय?"

दस्तगीर उस्ताद चहा फुंकत होते.

"हवा अडकलीय."

"ते मलापण कळतंय."

"मग काढ."

सकाळपासून हेच चाललं होतं. गाडी वेगळ्या घडणीची. इंजिन सीटच्या मागं, रेडिएटर पार पुढं नाकाशी, आणि दोघांना जोडणाऱ्या लांबलचक नळ्या गाडीच्या पोटाखालून गेलेल्या. त्यात कुठंतरी हवा दडून बसली होती. इंजिन तापलं की काटा लालकडं पळायचा, आणि धैर्यशील धावत जाऊन चावी बंद करायचा.

त्याला आज सुटका हवी होती. गडहिंग्लजला त्याचं स्वतःचं गॅरेज तयार होतं, बोर्डसुद्धा रंगवून झाला होता. पण उस्तादांनी 'जा' म्हटल्याशिवाय शटर उघडायचं नाही, ही या लायनीतली रीत. आणि उस्ताद म्हणाले होते, ही गाडी थंड करून दाखव, मग बोलू. तेव्हा हा गडी मनातल्या मनात हसला होता. एवढंच ना?

तो परत गाडीत बसला. ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. आणखी दाबला.

"जोर लावला की निघंल," तो काचेतून ओरडला.

उस्ताद उठले. खिडकीतून हात घालून त्यांनी चावी फिरवली. गॅरेज एकदम गप्प झालं.

"एक बुडबुडा होता," ते म्हणाले. "तू त्याचं पीठ केलंस."

"म्हणजे?"

"हवा काढत न्हाईस तू. दळतोयस."

धैर्यशीलचे कान लाल झाले. इतकी वर्षं या माणसाच्या हाताखाली काढली, आणि आज, निघायच्या दिवशी, हे ऐकायचं...

"मग करू काय?"

"काय करू नको. पिठाचा परत गोळा होऊ दे."

इंजिन निवेपर्यंत धैर्यशीलनं पाने दोनदा पुसले, नको ते कपाट आवरलं. मग उस्तादांनी सांगितलं तसं जॅक लावून गाडीचं नाक वर उचललं. रेडिएटरच्या माथ्यावरचा बारका स्क्रू सैल केला, त्याला पारदर्शक नळी जोडली, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. पाणी सगळ्या नळ्यांतून फिरावं म्हणून हीटर चालू केला. इंजिन हळू ठेवलं.

"आता?"

"बस."

तो बसला. उठला. काटा बघून आला. पुन्हा बसला.

बाटलीत गुडगुड झाली. मग नळीतून स्वच्छ पाणी येऊ लागलं. धैर्यशीलनं झडप घालून स्क्रू आवळला.

"निघाली."

उस्तादांनी स्क्रू परत सैल केला. गुडगुड... मोठा बुडबुडा वर आला, फुटला.

"पाणी आलं होतं की ओ."

"पाणी हवेच्या आधीपण येतंय आणि मागनंपण येतंय."

"मग संपली हे कळायचं कसं?"

उस्ताद आपल्या चहाकडं निघून गेले.

धैर्यशील चडफडत पालथ्या डब्यावर बसला. फोन वाजला. गडहिंग्लजहून भाऊ, नव्या गॅरेजच्या पूजेची वेळ विचारायला. त्यानं कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट केला.

एक बुडबुडा... बराच वेळ काही नाही... मग एक बारका. मग नुसतं पाणी. आणि हात आवळायला निघाला असताना, आणखी एक.

हात जागच्या जागी थांबला.

फोन वाजत राहिला. त्यानं बघितलं नाही.

रेडिएटरचा पंखा आपोआप फिरला, थांबला, फिरला.

"काटा कुठाय?" उस्तादांनी लांबून विचारलं.

"मध्यावर."

"कवापासनं?"

"झाला बराच वेळ."

"मग उठ की."

"थांबा उस्ताद..." धैर्यशील नळीवरची नजर न काढता म्हणाला. "अजून एक येईल."

उस्ताद त्याच्याशेजारी उकिडवे बसले. त्याच्या हातातला पाना त्यांनी अलगद काढून घेतला.

"त्यो मी बघतो. तू जा."