वीरगळावरच्या गाई

गायरानांना कुंपणं नव्हती आणि दगडही बोलायचे, तेव्हाची गोष्ट. वेशीबाहेरच्या जुन्या वीरगळाला कुणी अंग घासायचं नाही, असा कायदा जनावरं करणार होती. त्याआधी सगळ्यांचं म्हणणं ऐकायला सभा भरली.

म्हातारी ढवळी गाय तावातावाने उठली. "माझी आई इथंच पाठ खाजवायची, आजीसुद्धा. आजीच्या गळ्यातली घंटा इथं अजून ऐकू येते मला. आणि आता मलाच मनाई?"

"दगडालाही विचारा की," घोरपड म्हणाली.

वीरगळ हळूच बोलला, "ढवळे, तुझ्या आजीची आठवण मलाही येते गं. पण माझ्यावर गाई कोरल्या होत्या. चोरांच्या हातून त्या सोडवताना एक गुराखी पडला, त्याची गोष्ट मी सांगायचो. तुमच्या पाठी लागून लागून गाई पुसल्या गेल्या. उरला तो नुसता काठी उगारलेला माणूस. पोरं विचारतात, हा कुणाला मारतोय?"

ढवळीची मान खाली गेली. कायद्याला पहिला होकार तिनेच दिला.

आता ती बाभळीला पाठ घासते. दिवस कलला की मात्र वीरगळासमोर जाऊन उभी राहते. तिची सावली दगडावर पडते, आणि गुराख्याच्या मागे पुन्हा एक गाय दिसते.